साबणाच्या आधी खार होता: सातपूर ते लोणार

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'अं...' आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)



माझ्या लहानपणी आमच्या सातपूरमध्ये फर्स्ट शिफ्ट सुटली की पप्पा चारच्या सुमाराला घरी यायचे. सायकल भिंतीला टेकवायचे आणि घरात न येता थेट मागच्या नळावर जायचे. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. दिवसभर लेथवर उभं राहायचं, त्यामुळे हात कोपरापर्यंत काळे. कटिंग ऑइल, ग्रीस आणि लोखंडाची बारीक भुकटी, सगळं एकत्र होऊन नखांच्या कडांना आणि तळहाताच्या रेषांत बसलेलं.

मग त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. आधी चिंधीवर थोडं रॉकेल घेऊन हात पुसायचे. मग लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर एकत्र करून, त्यावर थेंबभर पाणी टाकून रगडायचं. आणि अगदी शेवटी अंघोळीचा साबण. मी एकदा विचारलं होतं, "पप्पा, डायरेक्ट साबणच का नाही लावत?" ते म्हणाले, "आधी तेलानं तेल काढायचं. मग जे राहतं ते साबण काढतो."

मी पुढे बीटेक केलं. पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग केमिस्ट्री होती. पाण्याचा जडपणा मोजायचं टायट्रेशन केलं, जर्नल पूर्ण केलं, मार्क घेतले आणि विसरून गेलो. आता कोड लिहून पोट भरतो. पप्पांच्या त्या एका वाक्यात अर्धी केमिस्ट्री होती हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि उरलेली अर्धी शोधायला गेलो तर ती थेट लोणारला निघाली. म्हणून आजचा एपिसोड साबणावर.

आधी ती पप्पांची अर्धी केमिस्ट्री बघू.

पाण्याच्या रेणूच्या एका बाजूला किंचित ऋण भार असतो, दुसऱ्या बाजूला किंचित धन. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, लोकलमध्ये एका ग्रुपनं अख्खा कोपरा धरावा तसे. तेलाच्या रेणूला असे भार जवळजवळ नसतातच. मग पाणी त्याला आपल्यात घेत नाही. तेल पाण्याला घाबरतं असं काही नाही. पाण्यालाच आपली माणसं सोडायची नसतात. याउलट रॉकेल आणि ग्रीस एकाच खानदानातले, दोघांचाही मूळ माल कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. म्हणून रॉकेल ग्रीसला लगेच विरघळवतं. हेच ते 'तेलानं तेल काढणं'. पण त्यानंतर हातावर रॉकेलचाच पातळ तेलकट थर उरतो, वास येतो, आणि तो नुसत्या पाण्यानं जात नाही.

इथे साबण येतो. साबणाचा रेणू म्हणजे दोन टोकांचा अ‍ॅडॅप्टर. एका बाजूला साधारण १२ ते १८ कार्बनची लांब शेपटी. ती तेलाच्या खानदानातली. दुसऱ्या बाजूला छोटं डोकं, त्यावर ऋण भार, शेजारी सोडियम. ते डोकं पाण्यात खूश. पिन एकाची, सॉकेट दुसऱ्याचं, आणि मधे हा.

हातावर साबण चोळला की हजारो-लाखो शेपट्या त्या ग्रीसमध्ये घुसतात आणि डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. आपण रगडतो तेव्हा ग्रीसचा थर फाटून त्याचे थेंब होतात. प्रत्येक थेंबाला बाहेरून साबणाच्या डोक्यांचं कुंपण पडतं. सगळी डोकी ऋण भाराची, म्हणून दोन थेंब जवळ आले की एकमेकांना ढकलतात आणि परत एकत्र होऊन हाताला चिकटत नाहीत. मग नळ सोडायचा, सगळं वाहून जातं. पाण्यात पुरेसा साबण असेल तर हे रेणू आपापसातच छोटे गोळे करून राहतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. काही नॅनोमीटरचा गोळा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत लाखभर सहज मावतील.

आणि फेस? फेसाचा स्वच्छतेशी थेट संबंध फार कमी. फेस म्हणजे साबणाच्या पाण्यात अडकलेली हवा. तो दिसला की आपल्याला बरं वाटतं, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

२०२० मध्ये आपण सगळे वीस-वीस सेकंद हात धुत होतो ते याच कारणानं. कोरोनाच्या विषाणूभोवती एक आवरण असतं, ते चरबीसारख्या पदार्थाचं बनलेलं. साबणाच्या शेपट्या त्या आवरणात शिरतात आणि ते फाटतं. पप्पांच्या हातावरच्या ग्रीसला जो नियम, तोच त्याला.

आता प्रश्न असा की हा अ‍ॅडॅप्टर येतो कुठून?

तेल किंवा चरबी डोळ्यासमोर आणायची तर मी त्रिशूळ आणतो. आम्ही त्र्यंबक रोडवाले, आमच्या डोक्यात दुसरं काय येणार! दांडा म्हणजे ग्लिसरीन, आणि त्याला जोडलेली तीन पाती म्हणजे तीन लांब शेपट्या. खोबरेल असो, शेंगदाणा असो, गाईची चरबी असो, सगळीकडे हीच रचना, फक्त पात्यांची लांबी आणि वाक वेगळा. या त्रिशुळावर जोरदार अल्कली, म्हणजे क्षार किंवा आपल्या भाषेत खार, टाकला आणि गरम केलं की तिन्ही पाती दांड्यापासून तुटतात. प्रत्येक पात्याच्या तुटलेल्या टोकाला सोडियम येऊन बसतो. झाला साबण. दांडा सुटा होतो, ते ग्लिसरीन. मग त्यात मीठ टाकतात, साबण वर तरंगून येतो, आणि ग्लिसरीन खाली राहतं.

म्हणजे साबणाला दोनच गोष्टी लागतात. तेल आणि खार. तेल तर घरोघरी होतं, घाण्यावर मिळत होतं. अडचण कायम खाराची होती. मला वाचता वाचता जाणवलं की साबणाचा इतिहास म्हणून जे सांगतात, तो खरं म्हणजे खाराचा इतिहास आहे. आणि त्या खारात हात कोणाचे होते, याचा.

आपल्या आजी-पणजींचा खार म्हणजे चुलीतली राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेलकट कढई राखेनं घासली की राखेचे कण घासतात, आणि शिवाय तो क्षार तेलाशी थोडीशी का होईना रिअ‍ॅक्शन करून जागेवरच साबण तयार करतो. बाजारातून काही न आणता! अंगाला बेसन किंवा डाळीचं पीठ, केसांना शिकेकाई आणि रिठा. रिठ्यात सॅपोनिन नावाचे रेणू असतात. तेही अ‍ॅडॅप्टरच, फक्त त्यांचं डोकं साखरेचं. झाडानं स्वतः बनवलेला साबण समजा. पैठणी किंवा दागिने धुवायला अजून रिठाच काढतात ते उगाच नाही. त्यात तो जोरदार खार नसतो, त्यामुळे रेशीम टिकतं.

पण मोठ्या प्रमाणावर साबण करायचा तर राख पुरत नाही. आणि इथे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार येतं.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात झालेलं, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, हे शाळेत शिकलो. २०२० च्या जून महिन्यात त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला ते होतं. पण त्या पाण्याचा पीएच सुमारे १० आहे आणि तो का आहे, यावर कोणी स्टेटस टाकलं नाही. विवराला बाहेर जायची वाट नाही. पावसाचं पाणी आणि झरे आत येतात, दगडातले क्षार सोबत आणतात, आणि मग पाणी फक्त उन्हानं उडून जातं. सोडियमचे क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं. हजारो वर्षं चाललेली, कोणी न बांधलेली सोड्याची फॅक्टरी.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईन-ए-अकबरी' लिहिलं. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, आणि काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो असं त्यात नोंदवलंय. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. चारशे वर्षांपूर्वी, दिल्ली-आग्र्याच्या कागदपत्रांत, आपल्या बुलढाण्याचं नाव साबणासाठी! लोणारच्या लोकांकडे या खारांचे प्रकार आणि त्यांना वेगवेगळी नावंही होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की खार गोळा करायचा. त्यात कळीचा चुना मिसळला की तो आणखी जहाल होतो, कारण चुना सोड्याचं रूपांतर कॉस्टिक सोड्यात करतो. भारतात जुन्या पद्धतीनं साबण करणारे तेल, चुना आणि खार हेच तीन पदार्थ वापरत. 'साबण' हा शब्द मात्र आपला नाही. मूळ अरबी 'साबून', फारसीच्या वाटेनं इकडे आला.

आता हा खार कोणाच्या हातात होता? परिटाच्या.

बारा बलुतेदारांत परीट होता. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला बलुतं, म्हणजे धान्य, घ्यायचं. त्यांची पद्धत म्हणजे भट्टी. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, मोठ्या भांड्यावर रचायचे, खालून जाळ लावून रात्रभर वाफेवर ठेवायचे, आणि सकाळी नदीवर दगडावर आपटायचे. केमिस्ट्रीच्या नजरेनं बघितलं तर हे फार हुशारीचं काम आहे. घामातलं, अंगावरचं तेल कपड्यात असतंच. गरम खार त्या तेलाचाच साबण करतो. म्हणजे कपड्याचा मळ वापरून कपडा धुवायचा. वेगळा साबण विकत घ्यायची गरजच नाही.

पण खाराला कपड्यातलं तेल कुठलं आणि हातातलं कुठलं हे कळत नाही. सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली की बुळबुळीत लागतं ना? तो बुळबुळीतपणा बराचसा तुमच्या कातडीवरच्या तेलाचा झालेला साबण आहे. अक्षरशः आपण थोडे थोडे साबण होत असतो. एक दिवस केलं तर काही नाही. रोज, पिढ्यान्‌पिढ्या केलं तर कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, त्यात परत खार जातो.

गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परीट कुटुंबात जन्मले. आम्हा नाशिककरांना ते गोदावरीवरच्या गाडगे महाराज पुलामुळे रोजच्या बोलण्यात असतात. त्यांचा खराटा सगळ्यांना आठवतो. मला आता त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे हात पण आठवतात, न बघता. आणि एक गोष्ट खटकते ती खटकतेच: जो दुसऱ्याचा मळ काढतो त्यालाच आपण खालचा मानलं, आणि मळ करणारा वर बसला. हे लॉजिक कुठल्याच भाषेत कंपाइल होत नाही.

युरोपात काय चाललं होतं ते पटकन सांगतो. तिकडेही खाराचाच तुटवडा होता. १७९१ मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच माणसानं साध्या मिठापासून सोडा करायची पद्धत पेटंट केली. १८२३ मध्ये शेव्रल या दुसऱ्या फ्रेंच केमिस्टनं चरबीवरचं पुस्तक छापलं आणि तो त्रिशूळ, म्हणजे चरबीत फॅटी अ‍ॅसिड आणि ग्लिसरीन असतं हे, नीट समजावलं. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होते आणि आत काय होतंय ते कोणालाच माहीत नव्हतं. आपण डॉक्युमेंटेशन न वाचता कोड चालवतो तसं. हा शेव्रल १०२ वर्षं जगला. सोडा स्वस्त झाला पण लब्लांच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर निघायचा, झाडं जळायची. इंग्लंडला १८६३ मध्ये त्यासाठी अल्कली अ‍ॅक्ट करावा लागला. म्हणजे तिथेही किंमत कोणीतरी मोजतच होतं, फक्त हातांऐवजी फुप्फुसांनी.

त्या स्वस्त सोड्यावर मोठ्या साबण कंपन्या उभ्या राहिल्या. विल्यम लीव्हरनं १८८४ मध्ये सनलाइट आणला, आणि १८८८ मध्ये त्याच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरत होत्या. वर छापलेलं: मेड इन इंग्लंड.

मग आपल्याकडे नवा प्रश्न आला. खाराचा नाही, तेलाचा. या वड्यांत चरबी कोणाची?

थंड देशात गाई-डुकराची चरबी स्वस्त आणि सहज मिळणारी, त्यामुळे तिकडच्या साबणात ती असणं साहजिक होतं. इथे १८५७ ची काडतुसं आजोबांच्या आठवणीत ताजी. अशा वेळी अर्देशीर गोदरेज हे नाव येतं. जन्म १८६८, पारशी, मुळात वकील. खोटं बोलावं लागतं म्हणून वकिली सोडली आणि १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला लागले. १९१८ मध्ये त्यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. नाव 'चावी'. कुलूपवाल्याचा साबण, दुसरं नाव काय असणार? त्यानंतर 'नंबर २' आला आणि 'नंबर १' त्याच्याही नंतर. याचा किस्सा असा सांगतात की दोन नंबरचाच साबण इतका चांगला तर एक नंबर कसा असेल, असं लोकांना वाटावं म्हणून. खरं-खोटं माहीत नाही, पण मार्केटिंग म्हणून दहापैकी दहा. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांच्या साबणाची जाहिरात केली होती. आणि टिळक स्वराज्य फंडाला अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले होते. त्या काळचे तीन लाख.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करतो, कारण रील्समध्ये ती सर्रास फिरते. 'जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण' हा नाही. सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्ह तेलाचा साबण कित्येक शतकं होतोय, स्पेनमध्येही. अर्देशीर यांचं काम मोठं दाखवायला त्याची गरजही नाही. इथल्या माणसाचा प्रश्न ऐकून, इथे मिळणाऱ्या तेलात, परदेशी मालाच्या तोडीची वडी करणं हे पुरेसं मोठं आहे.

आधी मला हा चरबीचा वाद भावनेचा वाटायचा. केमिस्ट्री काय सांगते? चरबीतून आलेलं सोडियम स्टिअरेट आणि वनस्पतीतून आलेलं सोडियम स्टिअरेट, रेणू तोच. अणूला जात नाही, धर्म नाही. मळाला तर अजिबातच फरक पडत नाही. पण मग १९८३ चं प्रकरण वाचलं. बाहेरून आणलेली गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं उघड झालं, देशभर गदारोळ उठला, आणि सरकारनं त्या चरबीच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हा माझं मत बदललं. लोक रेणूबद्दल विचारतच नव्हते. 'मी जे अंगाला लावतो, पोटात घालतो, त्यात काय आहे ते मला खरं सांगा' एवढंच म्हणत होते. हा प्रश्न केमिस्ट्रीनं सुटत नाही, लेबलनं सुटतो.

आता परत सातपूरला येऊ, कारण आमच्याकडे दोन प्रकारचं पाणी होतं. एक गंगापूर धरणाचं, नळाचं. ते यायचं ठरावीक वेळी. उरलेल्या वेळेला बोअरचं. बोअरच्या पाण्यात साबण लावला की फेसच नाही, आणि बादलीच्या कडेला राखाडी चिकट थर. आपल्या काळ्या दगडातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. ते साबणाच्या डोक्याला जाऊन बसतं, सोडियमला हाकलतं, आणि जो नवा पदार्थ होतो तो पाण्यात विरघळत नाही. अ‍ॅडॅप्टरच्या सॉकेटमध्ये कोणीतरी च्युइंगम घातल्यासारखं. म्हणजे तुमचा अर्धा साबण मळाशी नाही, पाण्याशीच भांडण्यात संपतो.

यावर उपाय म्हणून डिटर्जंट आले. शेपटी तशीच, डोकं बदललं, सल्फोनेटचं लावलं. कॅल्शियम त्याला इतक्या सहज अडवू शकत नाही. भारतात १९५९ मध्ये सर्फ आला. पण ती पावडर सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या केमिस्टनं घराच्या मागे पिवळी पावडर करायला सुरुवात केली आणि सायकलवरून विकली. पुढे ती निरमा झाली, आणि स्वस्त पिवळ्या पावडरींची एक लाटच आली. गल्लीबोळात तयार होणाऱ्या सुट्या पावडरीही त्यातच.

आमच्या घरात तशीच सुटी पावडर यायची. किलोवर, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव-गाव काही नाही. आई पप्पांचे कारखान्याचे कपडे त्यातच भिजवायची, कारण ते दुसऱ्या कशानं निघायचेच नाहीत. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. रात्री ती मेण आणि खोबरेल गरम करून त्यात भरायची आणि आम्हाला सांगायची, "थंडीनं होतं." आम्ही मान्य करायचो. थंडीनं होतं, ते खरंच होतं, पण थंडी पप्पांना पण होती आणि त्यांच्या बोटांना तशा भेगा नव्हत्या.

या एपिसोडसाठी वाचताना मला कळलं की स्वस्त पावडरमध्ये खरा अ‍ॅडॅप्टर कमी आणि धुण्याचा सोडा भरपूर असतो. सोडा दोन कामं करतो: जड पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो आणि तेलावर स्वतःच हल्ला करतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. लोणारच्या खारातला जो माल, तोच. परिटाची भट्टी आमच्या मागच्या नळावर, प्लास्टिकच्या टबात चालू होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. फक्त आता ती बलुतं न मिळता चालू होती.

हे कळल्यावर मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, सगळ्याच बायकांना व्हायचं ते." आणि भाजीचं काहीतरी विचारायला लागली.

आता तुमच्या कामाचं थोडं. साबणाच्या रॅपरवर 'टीएफएम' असा आकडा बारीक अक्षरात असतो. म्हणजे वडीत खरा साबणाचा, फॅटी भाग किती टक्के. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या ग्रेड १ ला किमान ७६, ग्रेड २ ला ७० आणि ग्रेड ३ ला ६० टक्के लागतो. त्याखालच्या बऱ्याच वड्यांवर 'बेदिंग बार' लिहिलेलं दिसेल, 'सोप' नाही. दुकानात उभं राहून हा एक आकडा बघा. वरच्या हिरोइनपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

आणि 'केमिकल-फ्री हँडमेड सोप' असं इन्स्टावर दिसलं तर एवढंच लक्षात ठेवा की कॉस्टिक सोड्यासारख्या खाराशिवाय साबण होतच नाही. चांगला बनवला असेल तर तो सोडा तेलाशी पूर्ण रिअ‍ॅक्शन होऊन संपलेला असतो, आणि तेच तर सगळं कौशल्य आहे. तरीही साध्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो आणि आपल्या कातडीचा ५.५ च्या आसपास. म्हणून साबणानंतर हात ओढल्यासारखे वाटतात. ज्यांची कातडी आधीच कोरडी आहे त्यांनी भारीतला साबण शोधण्यापेक्षा धुऊन झाल्यावर थोडं खोबरेल लावावं. अँटी-बॅक्टेरियल म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात, त्यातल्या ट्रायक्लोसान धरून १९ पदार्थांवर अमेरिकेच्या एफडीएनं २०१६ मध्ये हात धुण्याच्या घरगुती साबणांतून बंदी घातली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत असं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

नदीचं पण बोलायला हवं, पण तो वेगळा एपिसोड होईल. एवढंच सांगतो की नाल्यातून गेलेला फेस कुठे जात नाही, तो नंदिनीतून गोदावरीतच जातो. आणि गोदावरीतल्या पाणवेलीला खत आपणच घालतो. त्यात मोठा वाटा सांडपाण्याचा, थोडा वाटा पावडरींतल्या फॉस्फेटचा.

गेल्या रविवारी मी घरी एक प्रयोग केला, तुम्हीही करा. दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं, सारख्या उंचीपर्यंत. दोन्हीत अंघोळीच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून टाकला, झाकण लावून एकसारखं हलवलं. नळाच्या बाटलीत चार बोटं फेस. बोअरच्या बाटलीत पाणी दुधासारखं गढूळ, वर भुसभुशीत कण, फेस नावाला. मग बोअरच्या बाटलीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून परत हलवलं, तर हळूहळू फेस यायला लागला.

पप्पा आता रिटायर झालेत. बाजूला खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांना कॅल्शियम, सोडियम, डोकं, शेपटी, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग आतून आईला हाक मारली आणि म्हणाले, "अगं, तुझी पावडर का चालायची ते कळलं बघ याला."

आई बाहेर आली, बाटली हातात घेऊन उजेडात धरली. म्हणाली, "आणि हे पाणी टाकून दे, झाडांना घालू नको."

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.